मागचा वायपर: करंट आहे, अर्थ आहे, मोटर चांगली आहे, तरी ढिम्म हलत नाही

भिजलेली_काच (शनिवार, सकाळी 9:40)

मंडळी, तीन आठवडे झाले, मागच्या वायपरने डोकं उठवलंय. गाडी पाच दारांची, 11 वर्षं जुनी. आधी वायपर लहरीप्रमाणे चालायचा. डिकी जरा जोरात आपटली की जागा व्हायचा. आता पूर्ण बंद. स्विच लावला की आतून बारीकसं 'टक' ऐकू येतं, बस्स.

आतापर्यंत केलेले उद्योग:
फ्यूज (निळा, 15 अँपियर) काढून बघितला, शाबूत आहे. तरी बदलला. डिकीच्या आतलं प्लास्टिक उतरवून मोटरचा कनेक्टर काढला. तारा तीन: लाल, लाल-पांढरी, काळी. स्विच लावल्यावर लाल-पांढरीवर 12.4 व्होल्ट. काळी तार (अर्थची, म्हणजे करंट बॉडीकडे परत नेणारी) आणि गाडीची बॉडी यांच्यात मीटर बीप करतो, रोध 2.5 ओहमच्या आसपास. मोटरला बॅटरीवरून थेट तारा दिल्या तर मस्त फिरते.

एका मेकॅनिकला दाखवली. त्याने एक तार बॉडीला, एक प्लगला लावली, 'करंट येतोय, म्हणजे मोटर गेली' म्हणाला आणि मोकळा झाला. पण माझ्यासमोर तीच मोटर बॅटरीवर फिरतेय हो! करंट आहे, अर्थ आहे, मोटर चांगली आहे, मग अडतंय कुठे?

उघडा_बोनेट (शनिवार, सकाळी 10:05)

पहिला प्रश्न: तपासताना डिकी उघडी होती ना? बऱ्याच गाड्यांत डिकी उघडी असताना मागचा वायपर मुद्दाम बंद ठेवलेला असतो. लोक डिकी उघडून तासन्‌तास तपासत बसतात आणि गाडी बिचारी नियम पाळत असते. कुलपाच्या खाचेतला खटका पेचकसाने दाबून 'डिकी बंद आहे' असं गाडीला भासवा आणि मग बघा. (नंतर तोच पेचकस वापरून खटका परत सोडा, नाहीतर डिकी आपटाल आणि कुलूप अडकेल. मी आपटलीय.)

दुसरं, पुढचा वायपर चालू ठेवून रिव्हर्स गिअर टाकला की मागचा आपोआप फिरतो अशी सोय काही गाड्यांत असते. तुमच्यात असेल आणि तसा तो फिरला, तर मोटर आणि डिकीतल्या तारा सुटल्या. दोष स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमध्ये.

भिजलेली_काच (शनिवार, सकाळी 10:30)

डिकी बंद करूनही तेच, रिव्हर्सची सोय या गाडीत नाही. आणि प्लगवर 12.4 येतायत म्हटल्यावर दांडीचा स्विच ठीकच असणार ना?

ग्रीसचा_डबा (शनिवार, सकाळी 11:15)

बॅटरीवर लावलीत तेव्हा मोटर हातात होती की जागेवर? हातात असेल तर त्या चाचणीला काही अर्थ नाही.

आमच्या जुन्या गाडीचं सांगतो. मोटर टेबलावर भुंग्यासारखी फिरायची, जागेवर बसवली की कण्हायची. काचेतून बाहेर येणारा आस त्याच्या ॲल्युमिनियमच्या नळीत जाम झाला होता. बाहेरच्या टोपीखालचं रबर चिरलं होतं, तिथून पाणी आत. वायपरचा हात काढायला नट सोडवला तर खाली पांढरी भुकटी, पावडर लावल्यासारखी. ॲल्युमिनियम सडलं की तीच बाहेर पडते. तो आस लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोकत बाहेर काढला, बारीक पॉलिश पेपरने घासला, ग्रीस लावून परत घातला. अजून चालतोय.

जाम झालेली मोटर ओळखायची खूण म्हणजे ती फ्यूज खाते. चालू असताना ओल्या काचेवर 2 ते 4 अँपियर घेणारी मोटर अडकली की कितीतरी पट ओढते. फ्यूज उडतोय म्हणून 15 च्या जागी पिवळा 20 चा घालू नका. मग फ्यूजऐवजी तार जळते.

भिजलेली_काच (शनिवार, सकाळी 11:25)

जागेवरच होती, हातासकट. काच ओली करून घेतली होती. पूर्ण फेरा मारला. फ्यूज एकदाही उडालेला नाही.

ग्रीसचा_डबा (शनिवार, सकाळी 11:28)

मग माझा उमेदवार बाद.

मागची_सीट (शनिवार, दुपारी 12:10)

तीन तारा कशाला लागतात पण? मोटरला दोन पुरतात ना?

ग्रीसचा_डबा (शनिवार, दुपारी 12:35)

वायपरला जागेवर जाऊन थांबायचं असतं म्हणून. स्विच कधीही बंद केला तरी हात काचेच्या मधोमध थांबता कामा नये. त्यासाठी मोटरच्या आतल्या दातेरी चाकावर पितळी चकतीचा संपर्क असतो. हात जागेवर पोचेपर्यंत तो कायम चालू असलेल्या तारेवरून (इथली लाल) मोटरला करंट देत राहतो. पोचला की तोडतो. ती तार मेली की वायपर चालतो, पण स्विच बंद करताच जिथल्या तिथे थांबतो. इथे वायपर मुळात चालतच नाही, तेव्हा लाल तारेचा संबंध नाही.

अर्धा_व्होल्ट (शनिवार, दुपारी 1:20)

सरळ आहे. डिकीच्या बिजागरीपाशी जी घडीघडीची रबरी नळी असते तिच्यात तार तुटलीय. बारीक तंतूंची तार, एक सोडून सगळे तंतू तुटले असणार. एका तंतूतून व्होल्टेज जातं पण करंट जात नाही, म्हणून मीटर 12 दाखवतो आणि मोटर हलत नाही.

तारतम्य (शनिवार, दुपारी 2:05)

अर्धा_व्होल्ट, जागेबद्दल तुम्ही बरोबर असाल असं वाटतंय. पण 'एका तंतूतून व्होल्टेज जातं, करंट जात नाही' हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, एकदा हिशोब करून बघू या. 0.2 मिलिमीटर जाडीचा तांब्याचा एक तंतू घ्या. त्याचा रोध मीटरला साधारण अर्धा ओहम. पण तार तुटते ती वीतभर नव्हे. उघडा भाग फार तर 5 मिलिमीटर. तेवढ्याचा रोध 3 मिलिओहमच्या आत. 3 अँपियर ओढले तर 9 मिलिव्होल्ट पडतील. मोटरला पत्ताही लागणार नाही.

अडतं ते तंतू पूर्ण तुटून, टोकं हिरवी पडून, एकमेकांना नुसती टेकलेली असतात तेव्हा. किंवा तार साफ तुटलेली असते आणि मीटरला दुसऱ्याच वाटेने काहीतरी दिसत असतं. मला इथे हे दुसरं वाटतंय, कारण तो 2.5 ओहम. चांगला अर्थ म्हणजे मीटरच्या स्वतःच्या तारांइतकाच रोध, 0.2-0.3. 2.5 हा आकडा कुठून आला?

धागाकर्ते, कनेक्टर लावलेला ठेवून मोजाल का? प्लगच्या मागच्या बाजूने, तारेशेजारून टाचणी सरकवा, इन्सुलेशनला भोक पाडू नका. स्विच चालू, आणि तीन आकडे द्या:
लाल-पांढरी ते बॉडी,
काळी ते बॉडी,
लाल-पांढरी ते काळी.

बॉडी म्हणजे डिकीचा पत्रा नाही. डिकी रंगवलेल्या बिजागऱ्यांवर लटकते, तिच्या अर्थवर विश्वास ठेवू नका. लांब तार घेऊन थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. आणि डिकीतलं आणखी काय बंद आहे, तेही बघा.

भिजलेली_काच (शनिवार, संध्याकाळी 5:50)

तारतम्यजी, आकडे घ्या, आणि हसू नका.

लाल-पांढरी ते बॅटरी ऋण: 12.2
काळी ते बॅटरी ऋण: 11.3
लाल-पांढरी ते काळी: 0.9

काळ्या तारेवर 11.3 व्होल्ट! मी तीनदा मोजलं. मीटरच्या तारा उलट्या लागल्यात का, तेही बघितलं.

आणि खरी गंमत पुढे. मी आत बसून स्विच लावत होतो, बायको मागे उभी राहून मीटरचा आकडा सांगत होती. मध्येच म्हणाली, 'नंबरप्लेटवर उजेड कशाला पाडतोयस?' मी म्हटलं दिवे बंद आहेत. ती म्हणाली, 'मग ये नि बघ.' खरंच! वायपरचा स्विच लावला की नंबरप्लेटचे दोन्ही दिवे लागतात, बंद केला की विझतात. आणि रात्री हेडलाइट लावल्यावर हेच दिवे लागत नाहीत. महिन्यापूर्वी बल्ब बदलून झाले, होल्डर घासून झाला. तो निराळा आजार समजून मी सोडून दिला होता. भूत आहे का काय गाडीत?

तारतम्य (शनिवार, संध्याकाळी 6:25)

भूत नाही, पण निदान झालं. वहिनींना शाबासकी द्या, मीटरपेक्षा त्यांनी जास्त सांगितलंय.

डिकीतून बॉडीकडे जाणारी अर्थची काळी तार तुटली आहे. डिकीच्या आत वायपर आणि नंबरप्लेटचे दिवे यांच्या काळ्या तारा एका सांध्यात मिळतात आणि तिथून एकच तार बिजागरीवरून बॉडीला जाते. ती गेली.

आता वायपर लावल्यावर करंट मोटरमधून त्या सांध्याशी येतो. पुढे वाट बंद. मग तो नंबरप्लेटच्या बल्बमध्ये उलटा शिरतो, तिथून पार्किंग लाइटच्या तारेवर येतो (दिवे बंद असले तरी सगळे पार्किंग बल्ब त्या तारेला जोडलेलेच असतात) आणि पुढच्या-मागच्या पार्किंग बल्बमधून बॉडीला पोचतो. साध्या बल्बला करंट कुठून शिरला याचं सोयरसुतक नसतं, तो पेटतो. मोटर मात्र या 5 वॅटच्या बल्बांच्या रांगेत अडकलेली. त्यांच्यातून पाऊण अँपियरही जात नाही, तेवढ्यात मोटर काय फिरणार? तिच्या वाट्याला 0.9 व्होल्ट आलाय, उरलेले 11.3 बल्ब खातायत. तुमचे आकडे अगदी चपखल बसतात.

रात्री हेडलाइट लावले की नंबरप्लेटच्या दिव्यांना नेहमीच्या बाजूने करंट मिळतो, पण बाहेर पडायला अर्थ नाही. म्हणून अंधार.

पडताळा: गॅरेजमध्ये अंधार करा, दिवे बंद, फक्त वायपर लावा. मागचे लाल पार्किंग दिवे विझत आलेल्या निखाऱ्यासारखे दिसतील. आणि वायपर तसाच चालू ठेवून, ब्रेक दाबून वरचा तिसरा ब्रेक लाइटही बघा, तोही बहुतेक लागणार नाही.

मागची_सीट (शनिवार, संध्याकाळी 6:50)

हे भारी आहे. पण मग मीटरने बीप का केलं? आणि कनेक्टर काढून मोजलं तेव्हा बॉडीच्या नव्हे, प्लगमधल्याच काळ्या पिनच्या आधाराने मोजलं असतं तर सापडलं असतं ना?

तारतम्य (शनिवार, रात्री 7:30)

नसतं सापडलं. या दोषाची खोच तीच आहे.

बीपचं आधी. 5 वॅटचा बल्ब पेटलेला असताना जवळजवळ 29 ओहम असतो, पण थंड असताना त्याच्या साधारण एक दशांश. मीटर इतका कमी करंट सोडतो की बल्ब थंडच राहतो. नंबरप्लेटचे दोन समांतर, त्यांच्या पुढे पार्किंगचे चार समांतर: दोनेक ओहम. वर मीटरच्या तारांचा थोडा. झाले 2.5. तुम्ही अर्थ नाही, सहा थंड बल्ब मोजत होता. बीपला तर 20-30 ओहमही चालतात, तो कशालाही हो म्हणतो.

आणि प्लगच्या दोन पिनांमध्ये, कनेक्टर काढून मोजलं असतं तरी पूर्ण 12.4 आले असते. मीटरचा स्वतःचा रोध 1 कोटी ओहम, त्याच्यासमोर बल्बांचे दोनेक ओहम म्हणजे काहीच नाही. म्हणून वजन टाकून, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी जोडून मोजायचं. मोटर लावता येत नसेल तर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन पिनांमध्ये लावा, पावणेदोन अँपियर ओढतो. तो मिणमिणला की तारेत दोष.

उघडा_बोनेट (शनिवार, रात्री 8:10)

एक पुरवणी. बल्ब लावून तपासणं जुन्या गाड्यांत ठीक. ज्या गाड्यांत वायपरचा हुकूम कंट्रोल युनिटमधून एका बारीक डेटाच्या तारेवर जातो तिथे प्रत्येक तारेला बल्ब टेकवत सुटू नका, युनिट बिघडेल. आधी वायरिंगचा नकाशा बघा. अशा गाड्यांत कधी कधी युनिट जास्त करंट बघून स्वतःच वाट बंद करतं आणि इग्निशन बंद-चालू केल्याशिवाय उघडत नाही. मग तुम्ही दुरुस्त केलेलं असतं, तरी वाटतं की अजून बिघडलेलंच आहे.

भिजलेली_काच (शनिवार, रात्री 9:15)

अंधार करून बघितलं. निखारे दिसले! तिसरा ब्रेक लाइट (एलईडीचा) पण मेलेला. तो कधीपासून बंद आहे देव जाणे, स्वतःच्या गाडीचा मागून बघायची वेळ येते कुठे?

मग राहवलं नाही म्हणून रात्रीच काळ्या तारेपासून लांब तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली. वायपर फिरला, ब्रेक लाइट लागला, नंबरप्लेट लागली. तिन्ही एकदम.

एक शंका: ब्रेक लाइटपण त्याच सांध्यावर आहे, मग वायपर लावल्यावर तो का नाही लागला?

तारतम्य (शनिवार, रात्री 9:30)

एलईडी उलट्या दिशेने करंट जाऊ देत नाही. साधा बल्ब असता तर त्यानेही या तमाशात भाग घेतला असता.

उद्या रबरी नळी उघडा. आधी बॅटरीची ऋण तार काढा, थोडा वेळ थांबा. खांबावरचं प्लास्टिक उतरवावं लागलं आणि आत पिवळा कनेक्टर दिसला, तर त्याला हात लावायचा नाही, तो पडद्याच्या एअरबॅगचा असतो. नळीतली प्रत्येक तार दोन बोटांत धरून हलकेच ओढा. तांबं शाबूत असलेली तार ताणत नाही. तुटलेली रबरबँडसारखी लांबते.

भिजलेली_काच (रविवार, दुपारी 12:45)

नळी उघडली. डाव्या बिजागरीपाशी, जिथे नळी डिकी बंद होताना सगळ्यात जास्त दुमडते, बरोब्बर तिथे. काळी तार बाहेरून बघितली तर धड दिसते. चिमटीत धरून ओढली आणि अंगावर काटा आला, च्युइंगमसारखी लांबली. इन्सुलेशन ब्लेडने उभं चिरलं. आत तांब्याच्या जागी हिरवट-काळी भुकटी, आणि दोन बाजूंना दोन टोकं, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट. वर्षानुवर्षं डिकी उघडली-मिटली त्याचा हिशोब.

बाकीच्या सगळ्या ओढून बघितल्या. लाल-पांढरीचं इन्सुलेशन तडकलंय, आतलं तांबं दिसतं. तीच बाजूच्या पत्र्याला टेकली असती तर फ्यूज गेला असता. ब्रेक लाइटची तारही वळणावर कडक झालीय. काच तापवायच्या जाड तारा उजवीकडून वेगळ्या जातात, त्या ठीक आहेत.

आता जोडायचं कसं? सोल्डरिंग गन आहे माझ्याकडे. तुटलं तिथेच सोल्डर मारून टेप गुंडाळू?

अर्धा_व्होल्ट (रविवार, दुपारी 1:00)

सोल्डरच पक्का. मी सगळीकडे सोल्डरच करतो.

तारतम्य (रविवार, दुपारी 1:20)

वळणावर सोल्डर नको हो! सोल्डर तंतूंमध्ये वर चढतं आणि तेवढी तार काडीसारखी ताठ होते. डिकी उघडली-मिटली की ताठ भाग संपतो त्या कडेला तार परत तुटते. वळत नाही अशा जागी खुशाल करा, तिथे माझं भांडण नाही.

नळीतला पूर्ण तुकडाच बदला. तिन्ही तारा, कारण बाकीच्या दोघी रांगेतच उभ्या आहेत. सिलिकॉनच्या इन्सुलेशनची, खूप बारीक तंतूंची मऊ तार घ्या, 1 चौरस मिलिमीटर पुरे. सांधे नळीच्या बाहेर: एक बॉडीच्या आत, एक डिकीच्या आत, दोन्ही ठिकाणी तार स्थिर असते. सांधे एकाशेजारी एक आणू नका, मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठोडं होतं. क्रिम्प करा (तारांची टोकं धातूच्या नळकांडीत घालून दाबायची), वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (तापवली की आवळते ती). टेप उन्हात चिकट होऊन सुटतो. लांबी जुन्या तारेपेक्षा बोटभर जास्तच ठेवा.

ग्रीसचा_डबा (रविवार, दुपारी 1:40)

क्रिम्प करायला पक्कड वापरू नका, क्रिम्पिंगचीच पक्कड आणा. साध्या पकडीने दाबलेला सांधा हाताने ओढला की निसटतो. प्रत्येक सांधा ओढून बघायचा. घरात निसटलेला परवडला.

आणि अर्थचा बोल्ट! बॉडीला तार जिथे लागते तो बोल्ट काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, मगच आवळा. तार नवी नि बोल्ट गंजका असं नको.

भिजलेली_काच (रविवार, संध्याकाळी 6:40)

झालं! तिन्ही तारा बदलल्या, बोल्ट घासला. तारा ओवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. जुन्या तारेलाच नवी बांधून ओढून घेतली, तेव्हा जमलं. रबरी नळीची कड परत पत्र्याच्या भोकात बसवताना मात्र रडायची पाळी आली. साबणाचं पाणी लावून, प्लास्टिकच्या चमच्याच्या दांड्याने एकेक इंच आत ढकलली.

वायपर फिरत असताना काळी तार ते बॅटरी ऋण: 0.07 व्होल्ट. काल 11.3 होते. नंबरप्लेट लागते, वरचा ब्रेक लागतो.

फक्त एक गडबड. काल व्यवस्थित येत असलेलं काच धुवायचं पाणी आता येत नाहीये. पंपाचा आवाज येतो. पंपाच्या तारेला तर मी हातही लावला नाही!

उघडा_बोनेट (रविवार, संध्याकाळी 6:48)

पाण्याची बारीक नळीपण त्याच रबरातून जाते. नळी बसवताना पिळली असणार.

ग्रीसचा_डबा (रविवार, संध्याकाळी 6:50)

पंप आता चालवू नका! नळी कुठेतरी सुटली असेल तर पाणी डिकीच्या आत, तुमच्या नव्या सांध्यांवर पडेल. आधी उघडा.

भिजलेली_काच (रविवार, संध्याकाळी 7:35)

पिळलीच होती. रबर बसवताना अर्धा वेढा बसला होता. सुटली नव्हती, सगळं कोरडं आहे. सरळ केली, पाणी आलं, वायपरने पुसलं. बायको परत मागे उभी होती, ती भिजली.